फूट-पौंडापासून ज्यूलपर्यंत



ऊर्जेचीं निरनिराळीं मापें आणि त्यांचें एकमेकांत रूपांतर, हा आजचा विषय ऐकतांच पुष्कळांना शाळेंतील कोष्टकें आठवतील आणि रेडिओ बंद करण्याचा मोह होईल. तो मोह थोडा वेळ आवरावा, अशी माझी विनंति आहे. मी कोणी मोठा शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म शाळेंत गणित शिकवण्यांत घालवलेला एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. तेव्हां जें सांगेन तें त्रैराशिकाच्या पलीकडे जाणार नाहीं, असें आश्वासन आरंभींच देतों.

आपल्या घरांत सहज एक नजर फिरवून पाहा. विजेचें बिल येतें त्यावर ‘युनिट’ लिहिलेलीं असतात. मुलांच्या बिस्किटांच्या पुड्यावर ‘किलोकॅलरी’ छापलेल्या असतात. इमारतीच्या टाकींत पाणी चढवणारा पंप ‘अश्वशक्तीं’त मोजला जातो. हवा थंड करणारें यंत्र ‘टना’वर विकलें जातें आणि स्वयंपाकाचा गॅस किलोग्रॅमवर. या सर्व वस्तूंच्या मुळाशीं जी एकच चीज आहे, ती म्हणजे ऊर्जा. एकाच घरांत एकाच वस्तूचा हिशेब पांच भाषांत चालावा आणि घरच्या कोणालाहि त्यांतली एक भाषा दुसरींत आणतां येऊं नये, ही गोष्ट चमत्कारिक तर आहेच, पण ती नुकसानीचीहि आहे. ज्याला नाण्यांची मोड ठाऊक नाहीं तो बाजारांत फसतो. आणि ज्याला ऊर्जेची मोड ठाऊक नाहीं त्याला आपण काय खर्च करतों आहों हेंच कळत नाहीं.

प्रथम अगदीं साध्या मापापासून सुरुवात करूं. एखादें ओझें उचललें म्हणजे कार्य झालें, असें यंत्रशास्त्र म्हणतें. ओझें जितकें जड आणि उंची जितकी अधिक, तितकें कार्य अधिक. म्हणून वजनाला उंचीनें गुणावें कीं कार्याचें माप आलें. एक पौंड वजन एक फूट उचललें कीं एक फूट-पौंड. एक किलोग्रॅम वजन एक मीटर उचललें कीं एक किलोग्रॅम-मीटर. हीं यांत्रिक मापें. खाणींतून पाणी उपसणाऱ्या आणि गिरण्या चालवणाऱ्या लोकांनीं तीं रूढ केलीं. जेम्स वॉट यानें वाफेच्या यंत्राची तुलना घोड्याशीं करून एका मिनिटांत तेहतीस हजार फूट-पौंड कार्य म्हणजे एक अश्वशक्ति, असें जें ठरवलें, तेंहि याच कुळांतलें.

हीं मापें समजण्यास सोपीं आहेत, पण त्यांत एक उणीव आहे. ‘वजन’ म्हणजे पृथ्वीची ओढ. आणि ही ओढ सर्वत्र सारखी नाहीं. विषुववृत्तापाशीं ती थोडी कमी आणि ध्रुवांपाशीं थोडी अधिक भरते. फरक दोनशें भागांत सुमारें एक भाग इतकाच असतो. पण फरक तो फरकच. म्हणजे तोच लोखंडाचा गोळा तितकाच उंच उचलला, तरी सिंगापुरांत होणारें कार्य आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाला होणारें कार्य हीं तंतोतंत सारखीं नसतात. चंद्रावर तर ओढ येथल्या एक-षष्ठांशच आहे. जागा बदलली कीं बदलणारें माप किराणा दुकानाला चालेल, पण शास्त्राला कसें चालावें?

म्हणून शास्त्रज्ञांनीं वजन सोडून वस्तुमान धरलें. वस्तुमान म्हणजे पदार्थांतील द्रव्याचा सांठा. तो मुंबईस आणि चंद्रावर एकच. एक किलोग्रॅम वस्तुमानाची गति दर सेकंदास, सेकंदाला एक मीटर या मानानें वाढवणारी जी प्रेरणा, तिला न्यूटन म्हणतात. आणि त्या प्रेरणेनें एक मीटर अंतर ढकलण्यांत जें कार्य होतें, तें एक ज्यूल. याहून पुष्कळ लहान असें जुनें शास्त्रीय माप म्हणजे अर्ग. एक कोटि अर्ग म्हणजे एक ज्यूल. अंदाज यावा म्हणून सांगतों, शंभर ग्रॅम वजनाचा एक पेरू जमिनीवरून उचलून एक मीटर उंचीच्या टेबलावर ठेवलात, कीं आपण जवळजवळ एक ज्यूल कार्य केलेंत.

आतां यांत्रिक मापांतून शास्त्रीय मापांत कसें जावें? यांस जोडणारा पूल म्हणजे पृथ्वीची ओढ. तिचें एक प्रमाण सर्व राष्ट्रांनीं मिळून ठरवलें आहे. तो आंकडा ९·८०६६५. म्हणून एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारें ९·८१ ज्यूल. पौंडाचे किलोग्रॅम केले, फुटाचे मीटर केले आणि त्याच आंकड्यानें गुणलें, कीं एक फूट-पौंड म्हणजे सुमारें १·३५६ ज्यूल असें उत्तर येतें. येथवर सारें सरळ आहे. हा माणसामाणसांतला करार आहे. आपल्या देशांत १९५७ सालीं रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, तसाच हाहि एक ठराव. त्यांत निसर्गाचें कांहीं मत विचारावें लागत नाहीं.

परंतु उष्णतेची गोष्ट वेगळी आहे, आणि आजच्या भाषणाचें मर्म येथेंच आहे. उष्णता मोजण्याची जुनी रीत पाण्यावर आधारलेली होती. एक किलोग्रॅम पाणी एक सेंटिग्रेड अंशानें तापवण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. इंग्रजी यंत्रशास्त्रांत एक पौंड पाणी आणि एक फॅरनहाइट अंश घेत, त्या मापाला ब्रिटिश उष्णता-एकक म्हणत. या व्याख्येंत उंची नाहीं, ओझें नाहीं, ओढ नाहीं. मग फूट-पौंड आणि कॅलरी यांचा संबंध काय? किती उंचीवरून किती ओझें खालीं आलें म्हणजे किती पाणी किती अंशांनीं तापेल? हा प्रश्न सभा भरवून आणि ठराव करून सुटण्यासारखा नव्हता. त्याचें उत्तर निसर्गालाच विचारावें लागलें.

एके काळीं तर हा प्रश्न संभवतच नव्हता. कारण उष्णता हा एक अदृश्य, वजनरहित द्रव आहे, असें मोठमोठे पंडित मानीत. १७९८ सालीं काउंट रमफर्ड यानें म्युनिक येथील तोफखान्यांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. तोफेच्या धातूला गिरमिटानें भोंक पाडण्याचें यंत्र घोड्यांकडून फिरवून त्यानें भोंवतालच्या भांड्यांतील पाणी सुमारें अडीच तासांत उकळून दाखवलें. खालीं विस्तव नाहीं, आणि पाणी तर उकळत आहे! घर्षण चालूं आहे तोंवर उष्णता निघतच राहते. मग हा द्रव येतो कोठून? रमफर्डनें ओळखलें, कीं उष्णता हें एक प्रकारचें चलनवलन असलें पाहिजे. पुढें १८४२ सालीं जर्मनींतील युलिउस मायर या डॉक्टरानें वायूंच्या ज्ञात गुणधर्मांवरून गणित करून सांगितलें, कीं पाणी एक अंशानें तापवणारी उष्णता तेंच पाणी सुमारें ३६५ मीटर उचलण्यास पुरेल. आंकडा थोडा कमी होता. पण विचार अगदीं अचूक होता.

हा आंकडा हातानें तोलून, मापून, जगापुढें ठेवण्याचें श्रेय जेम्स प्रेस्कॉट ज्यूल या इंग्रज गृहस्थाला आहे. हा १८१८ सालीं मँचेस्टरलगतच्या सॅलफर्ड येथें जन्मला. घरचा धंदा बिअर गाळण्याचा. तो कोणत्याहि विश्वविद्यालयांत शिकला नाहीं. लहानपणीं कांहीं काळ जॉन डॉल्टन या प्रख्यात रसायनशास्त्रज्ञाकडे घरगुती शिकवणी झाली, एवढीच काय ती पुंजी. आम्हां मॅट्रिक मास्तरांना या माणसाविषयीं विशेष आपुलकी वाटते, ती यामुळेंच!

त्याचा प्रसिद्ध प्रयोग कोणासहि समजेल इतका साधा आहे. तांब्याच्या भांड्यांत पाणी. पाण्यांत रवीसारखीं फिरणारीं पातीं. त्या पात्यांच्या दांड्याला दोरी गुंडाळलेली. आणि दोरीच्या टोकांना कप्पीवरून सोडलेलीं दोन शिशाचीं वजनें. वजनें खालीं येतात, रवी फिरते, पाणी घुसळलें जातें. आपल्या घरीं ताक घुसळतात तसेंच हें. फरक इतकाच, कीं येथें लोणी न येतां उष्णता येते. ज्यूलचें प्रत्येक वजन सुमारें २९ पौंडांचें होतें. तें दर खेपेस सुमारें ६३ इंच उतरे. आणि अशा वीस खेपा तो घेई. आतां हिशेब पाहा. दोन वजनें मिळून ५८ पौंड. वीस खेपांचा उतार १०५ फूट. गुणाकार ६०९० फूट-पौंड. इतकें झाल्यावर पाण्याची उष्णता वाढली किती? फॅरनहाइटच्या अर्ध्या अंशाहून किंचित् अधिक! खोलींत माणूस वावरला तरी तेवढा फरक पडावयाचा. म्हणून ज्यूलनें अंशाच्या दोनशाव्या भागापर्यंत अंदाज घेतां येईल असे तापमापक वापरले, आणि कप्पीच्या घर्षणाची, हवेंत निसटणाऱ्या उष्णतेची, भांड्यानें घेतलेल्या उष्णतेची, वजा-जमा काटेकोरपणें मांडली.

१८४३ सालीं वेगळ्या एका प्रयोगावरून त्याला ८३८ हा आंकडा मिळाला होता. सतत सुधारणा करीत १८५० सालीं तो ७७२ वर आला. म्हणजे एक पौंड वजन ७७२ फूट खालीं आलें, तर त्या कार्यानें एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंशानें तापतें. १८७८ सालीं वयाच्या साठीच्या सुमारास त्यानें हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हां ७७२·५५ हा आंकडा आला. तोच आंकडा सेल या गांवच्या स्मशानांत त्याच्या थडग्याच्या दगडावर कोरलेला आहे. आधुनिक मापनाप्रमाणें हा आंकडा सुमारें ७७८ आहे. शिशाचीं वजनें आणि पाण्याचें भांडें एवढ्या साधनांनिशीं हा माणूस सत्याच्या शंभरांत एका भागाच्या आंत पोहोंचला होता.

हा ७७२ फुटांचा आंकडा आपल्या मीटरांत आणूं या, म्हणजे रूपांतराची खुबीहि कळेल. पौंड दोन्ही बाजूंस आहे. ओझेंहि एक पौंड आणि पाणीहि एक पौंड. म्हणून तो उडून जातो. उरले फूट आणि अंश. एका फुटाचे ०·३०४८ मीटर, आणि सेंटिग्रेडचा एक अंश फॅरनहाइटच्या १·८ अंशांइतका. ७७२ ला या दोहोंनीं गुणलें कीं सुमारें ४२४ मीटर येतात. आधुनिक ७७८ घेतले तर ४२७. हा ४२७ चा आंकडा पाठ करावा. पाणी एक अंश तापवणें आणि तेंच पाणी ४२७ मीटर उंच उचलणें यांस ऊर्जा सारखीच लागते.

येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत घ्यावी. रूपांतराचे गुणक दोन जातीचे असतात. फुटाचे मीटर हा माणसाचा करार. परंतु कार्याची उष्णता हा निसर्गाचा भाव. आणि बाजारांतला भाव रोज बदलतो तसा हा बदलत नाहीं. पाणी पात्यांनीं घुसळा, पारा घुसळा, लोखंडावर लोखंड घासा, विजेच्या तारेनें तापवा, दर तोच. ज्यूलनें यांतले निरनिराळे मार्ग स्वतः चोखाळून पाहिले, आणि सर्व वाटा एकाच आंकड्यापाशीं येऊन मिळतात असें दिसलें, तेव्हांच जगाची खात्री पटली, कीं कार्य, उष्णता, वीज हीं एकाच ऊर्जेचीं निरनिराळीं रूपें आहेत. ऊर्जा अविनाशी आहे, हा सिद्धांत या गुणकाच्या पायावर उभा आहे. गुणक जर साधनागणिक बदलता, तर तो सिद्धांतच कोसळला असता.

एकदां हें सिद्ध झाल्यावर उष्णतेला वेगळें माप ठेवण्याचें कारणच उरलें नाहीं. १८८९ सालीं पॅरिस येथील विद्युत्परिषदेनें ‘ज्यूल’ हें नांव मापासाठीं स्वीकारलें, आणि त्याच वर्षीं ज्यूल वारला. १९४८ सालीं वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय महापरिषदेनें उष्णतेचें मापहि ज्यूलच असावें, असें ठरवलें. तेव्हांपासून कॅलरी ही पाण्यावर अवलंबून राहिली नाहीं; ती ज्यूलच्या पटींत सांगितली जाते. मात्र कॅलरी नांवाच्याहि दोन बहिणी आहेत. एक ४·१८४ ज्यूलची, तर दुसरी ४·१८६८ ज्यूलची. घरच्या हिशेबाला दोन्ही सारख्याच.

आतां कागद-पेन्सिल जवळ असेल त्यांनीं चार आंकडे टिपून घ्यावे. बिलावरचें एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजेच ३६ लक्ष ज्यूल. तेंच उष्णतेच्या भाषेंत सुमारें ८६० किलोकॅलरी. आणि यांत्रिक भाषेंत सुमारें ३ लक्ष ६७ हजार किलोग्रॅम-मीटर. एक अश्वशक्ति म्हणजे सुमारें ७४६ वॉट. एवढ्या शिदोरीवर आपण घरांतल्या घरांत पुष्कळ दूरचा प्रवास करूं शकतों.

सकाळच्या स्नानापासूनच सुरुवात करा. वीस लीटरची एक बादली पाणी २० अंशांपासून ४५ अंशांपर्यंत तापवावयाचें आहे. वीस गुणिले पंचवीस, म्हणजे ५०० किलोकॅलरी. म्हणजे अर्ध्याहून थोडें अधिक, ०·५८ युनिट. यांत कांहीं विशेष वाटत नाहीं. पण हीच ऊर्जा उंचीच्या भाषेंत बोला. एका अंशाला ४२७ मीटर, तर पंचवीस अंशांना १० हजार ६७५ मीटर! एव्हरेस्ट शिखराची उंची ८ हजार ८४९ मीटर आहे. आपण सकाळीं एक बादली पाणी तापवतों, तेव्हां तीच भरलेली बादली एव्हरेस्टच्याहि वर नेऊन ठेवण्याइतकी ऊर्जा खर्चितों. बादली उचलून न्हाणीघरांत नेतांना कंबर दुखते आणि ती तापवतांना मात्र फक्त बटण दाबावें लागतें; म्हणून कोणता खर्च मोठा याविषयीं आपल्या मनाची पूर्ण फसगत होते.

ही ऊर्जा येते कोठून, तेंहि याच मापानें कळतें. खंडाळ्याच्या घाटाखालीं खोपोली येथें टाटांचें जलविद्युत्केंद्र १९१५ सालीं सुरू झालें आणि मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळूं लागली. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलें पाणी नळांतून सुमारें ५०० मीटर खालीं येतें, चक्रें फिरवतें आणि पाताळगंगेला मिळतें. एक लीटर पाणी ५०० मीटर उतरलें कीं ५०० किलोग्रॅम-मीटर कार्य मिळतें. मग एका युनिटाला किती पाणी लागेल? ३ लक्ष ६७ हजारांना ५०० नीं भागा, ७३४ लीटर. यंत्रांतली आणि तारांतली कांहीं तूट धरली तर आठशें-साडेआठशें लीटर. आपल्या एका बादलीला ०·५८ युनिट लागलें होतें. म्हणजे ती खोपोलीच्या विजेवर तापवली असें धरलें, तर आपली एक बादली ऊन होण्यासाठीं चोवीस-पंचवीस बादल्या पाणी अख्खा घाट उतरून खालीं येतें! हेंच पाणी नळांत न अडकतां कड्यावरून मोकळें कोसळतें, तर त्याच्या सर्व पतनाची उष्णता होऊनहि तें जेमतेम सव्वा अंश तापलें असतें. उष्णता ही वस्तु किती महाग आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला तरी ठाऊक नाहीं.

आतां माणसाच्या श्रमाकडे वळूं. एक हमाल पन्नास किलोचें पोतें पाठीवर घेऊन चार मीटरचा एक मजला चढतो. पोत्यावर झालेलें कार्य २०० किलोग्रॅम-मीटर. एका युनिटाइतकें कार्य व्हावयास अशीं १८३५ पोतीं चढवावीं लागतील. हमालाच्या स्वतःच्या देहाचें साठ किलो वजन धरलें, तरीहि आठशेंहून अधिक खेपा होतात. धडधाकट माणूस दिवसभर नेटानें राबला, तर आठ तासांत त्याच्या स्नायूंतून अर्ध्या-पाऊण युनिटाच्या आसपासच कार्य निघतें. त्याच्या दिवसभराच्या घामाइतकी ऊर्जा आपण मोकळ्या खोलींतला दिवा-पंखा चालूं ठेवून सहज उधळून टाकतों. कोणी म्हणेल, मग माणसाच्या श्रमाची किंमत कवडीमोल ठरली. मी उलट म्हणतों. ज्या कामाला यंत्रानें कांहीं पैसे पुरतात, त्यासाठीं माणसाची पाठ मोडणें हें किती अन्यायाचें आहे, हेंच या आंकड्यानें सिद्ध होतें. आणि जेथें आजहि माणूस ओझें वाहतो, तेथें घासाघीस करतांना हा १८३५ चा आंकडा आठवावा.

हमालाच्या पोटाचाहि हिशेब याच भाषेंत होतो. दिवसाला २००० किलोकॅलरींचा आहार धरला तर ती ऊर्जा सुमारें २·३ युनिट होते. चोवीस तासांवर ती वांटली तर दर क्षणाला ९७ वॉट. म्हणजे आपण प्रत्येक जण जुन्या काळच्या शंभर वॉटच्या दिव्याइतके जळत असतों. राबणाऱ्याला अर्थात् अन्न अधिक लागतें. कारण स्नायूंना लागणाऱ्या ऊर्जेपैकीं फार तर पांचव्या-चौथ्या हिश्श्याचेंच बाहेरचें कार्य होतें, बाकीची उष्णता होऊन जाते.

या हिशेबांत तीन ठिकाणीं लोक अडखळतात, तीं सांगून ठेवतों. पहिलें, ऊर्जा आणि ऊर्जेचा वेग यांची गल्लत. किलोवॉट आणि अश्वशक्ति हे वेग आहेत; युनिट, ज्यूल, कॅलरी ह्या राशि आहेत. नळाची धार आणि टाकींतलें पाणी यांत जो भेद तोच हा. तीन अश्वशक्तीचा पंप किती वीज खातो, या प्रश्नाला, तो किती वेळ चालला हें सांगितल्यावांचून उत्तर नाहीं. एक तास चालला तर चक्राला मिळणारें कार्य सुमारें सव्वादोन युनिट, आणि मोटारींतली तूट धरून बिलावर पावणेतीन-तीन युनिट. हवा थंड करणाऱ्या यंत्राचा ‘टन’ हाहि वेगच आहे. चोवीस तासांत एक अमेरिकन टन बर्फ वितळतांना जितकी उष्णता शोषली जाते तितकी खोलींतून काढून घेण्याचा तो वेग, सुमारें साडेतीन किलोवॉट. यंत्र वीज मात्र त्याहून पुष्कळ कमी घेतें. कारण तें उष्णता उत्पन्न करीत नाहीं, नुसती उपसून बाहेर टाकतें.

दुसरें, कॅलरी आणि किलोकॅलरी. आहाराविषयीं बोलतांना लोक ‘कॅलरी’ म्हणतात, पण त्यांच्या मनांत असते ती किलोकॅलरी. हजारपटीचा हा फरक बोलण्यांत गिळला जातो. हिशेब करतांना तो गिळूं नये.

तिसरें, आंकड्याशेजारीं मापाचें नांव न लिहिणें. शाळेंत ‘उत्तर १२’ असें लिहिणाऱ्या मुलाला, बारा काय, आंबे कीं मैल, असें आम्ही विचारीत असूं. तो मास्तरी खाष्टपणा नव्हता. अमेरिकेनें मंगळाकडे पाठवलेलें एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजीं नष्ट झालें. जमिनीवरील एका गणितांत यानाला मिळालेले धक्के इंग्रजी पौंड-सेकंदांत मांडले जात होते. आणि पुढचें गणित करणारे ते न्यूटन-सेकंद आहेत असें धरून चालले होते. चौपट-साडेचौपटीचा हा फरक महिनोन् महिने सांचत गेला, आणि यान मंगळाच्या फाजील जवळ जाऊन पोहोंचलें. तेथें प्रश्न ऊर्जेचा नव्हता, आवेगाचा होता. पण यांत्रिक आणि शास्त्रीय मापांमधली मोड विसरल्याचा दंड तोच.

शेवटीं एक इशारा दिल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. कोष्टक म्हणतें, ८६० किलोकॅलरी बरोबर एक युनिट. कोष्टक खरें आहे. पण तें दिशा सांगत नाहीं. एका युनिटाची ८६० किलोकॅलरी उष्णता पुरेपूर होते. उलट, तितक्या उष्णतेचें एक युनिट मात्र कधींहि मिळत नाहीं. कोळशाच्या विद्युत्केंद्रांत जळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकीं साधारण तिसऱ्या हिश्श्याची वीज होते. राहिलेली उष्णता धुराड्यांतून आणि थंड करण्याच्या पाण्यांतून निघून जाते. हा केवळ कारागिरांचा दोष नव्हे. निसर्गाचा तो दुसरा नियमच आहे. म्हणून ती एव्हरेस्टवरची बादली ही जमाखर्चापुरती. ऊन पाण्याच्या बादलींतून तेवढी चढण कोणालाहि परत वसूल करतां येणार नाहीं.

यांतून घरापुरतें एक शहाणपण निघतें. कोळसा जाळून उष्णता करावी, तिची तिसऱ्या हिश्श्यानें वीज करावी आणि ती घरीं आणून तिची पुन्हा उष्णता करावी, हा द्राविडी प्राणायाम आहे. ज्यांच्या गच्चीवर ऊन पडतें त्यांना सूर्याच्या तापानें पाणी तापवणें हा सरळ मार्ग आहे. गॅसचाहि हिशेब ताडून पाहावा. १४·२ किलोच्या सिलिंडरांत सुमारें १८० युनिटांइतकी उष्णता असते. शेगडीवर तिच्यापैकीं साठ-पासष्ट टक्के भांड्याला लागते, म्हणजे ११० ते ११५ युनिटें. आपल्या गांवचा सिलिंडरचा दर आणि विजेचा दर यांच्याशेजारीं हे आंकडे मांडा, म्हणजे चहा कशावर करावा हें कोणत्याहि जाहिरातीला न विचारतां आपलें आपणांस ठरवतां येईल. दर बदलतील, पण रूपांतराचा गुणक बदलणार नाहीं.

घरांत शाळेंत जाणारीं मुलें असतील, तर येत्या रविवारीं त्यांच्या हातीं विजेचें बिल द्या आणि विचारा: या महिन्यांत आपण किती पोतीं चढवलीं? घाटावरून किती पाणी उतरवलें? पहिल्या भागाकाराला तीं कंटाळतील. पण उत्तर हातीं आलें, कीं बिलावरच्या निर्जीव आंकड्याला वजन आणि उंची येईल. मँचेस्टरच्या त्या गृहस्थानें पाण्याच्या अर्ध्या अंशासाठीं वर्षानुवर्षें जी चिकाटी धरली, तिचें फळ असें आपल्या घरच्या हिशेबापर्यंत पोहोंचलें आहे. तें चाखण्यास साधा गुणाकार पुरतो.